दृश्य नऊचं पान

बाबा,

आज दुपारी तिसऱ्या तासानंतर एक विद्यार्थिनी तिची पटकथा घेऊन माझ्या टेबलाशी आली. लघुपटाची, बारा पानांची. मी सवयीनं पट्टी काढून डावीकडचा समास मोजला, दीड इंच, बरोबर होता. पात्रांची नावं मधोमध, संवाद त्याखाली आखूड ओळींत, प्रत्येक दृश्याच्या डोक्यावर आत की बाहेर, जागा कोणती, दिवस की रात्र. सगळं जिथल्या तिथं. गोष्ट तिच्या मावशीची आहे, म्हणजे खरी. मी विचारलं, मावशीला वाचून दाखवली का? ती म्हणाली, "नाही मॅडम. ती नाही म्हणाली तर? शुक्रवारी जमा कराची हाय." मी म्हटलं, नाही म्हणाली तर दुसरी लिहायची. माझ्या वर्गात हा नियम आहे आणि लोक त्यासाठी माझं फार कौतुक करतात. पोरगी जाता जाता दारात थांबली आणि तिनं अगदी सरळ मनानं विचारलं, "मॅडम, तुम्ही तुमची दाखवली होती?" मी म्हटलं, हो. तेव्हापासून मला धड बसवत नाही आणि उठवतही नाही. दोनदा चहा केला, दोन्ही वेळा गार झाला. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहायला बसले ती या एका "हो" मुळे.

तुमचं टेबल मला अजून जसंच्या तसं दिसतं. राळेगावला तहसील कचेरीच्या फाटकासमोर, कडुनिंबाखाली, वर चार पत्रे, मागे लोखंडी पेटी आणि टेबलावर ते काळं मशीन. लोक तुम्हाला टायपिंगवाले भाऊ म्हणत. माणूस आला की तुम्ही आधी मशीनवरचे हात काढून मांडीवर ठेवता. तो बोलतो, रडतो, भावाला शिव्या देतो, तलाठ्याला शिव्या देतो, मध्येच आपल्या म्हशीचं सांगतो, आणि तुम्ही ऐकत बसता. मग सगळं संपलं की कागद, कार्बन, कागद असे चढवून अर्ध्या पानात त्याचं सगळं दुःख बसवता. आणि नंतर ते वाचून दाखवता. हे मला लहानपणी फार कंटाळवाणं वाटायचं. माणूस म्हणायचा, "राहू द्या भाऊ, तुम्ही लिवलं म्हणजे बरोबरच असन," तरी तुम्ही सोडत नव्हता. एकेक ओळ, सावकाश, आणि नजर कागदापेक्षा त्याच्या तोंडावर जास्त. शेवटी विचारायचं, "बरोबर हाय?" तो हो म्हणाला की मगच शाईच्या पॅडचा डबा उघडायचा. एक प्रत साहेबाकडे, एक ज्याची त्याला. शेजारचे टायपिस्ट तेवढ्या वेळात दोन अर्ज जास्त काढत, आणि आई तुम्हाला त्यावरून टोमणे मारत असे.

पुढे मी जिच्यावर लिहिलं ती बाई तुमच्याकडे आली तेव्हा मी सुट्टीवर होते, तुमचा डबा घेऊन आले होते आणि पेटीवर बसले होते. तिचा नवरा वणीकडे कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून गेला होता आणि आठ वर्षांत परतला नव्हता. निराधार योजनेत नाव घालायचं तर नवऱ्यानं सोडल्याचं प्रतिज्ञापत्र लागत होतं. तिनं सांगितलं, तुम्ही लिहिलं, वाचून दाखवलं. "माझे पती मला कायमचे सोडून गेले असून ते परत येण्याची शक्यता नाही." बरोबर हाय? तिनं मान हलवली. तुम्ही तिच्या अंगठ्याला शाई लावली. अंगठा कागदाच्या वर आला आणि तिथंच थांबला. मग ती म्हणाली, "सोडून नाही गेला जी तो. आला नाही फक्त." एवढं बोलून ती उठली, शाईचा अंगठा तसाच धरून कचेरीच्या फाटकातून निघून गेली. तुम्ही तिला हाक मारली नाही. कागद फाडलाही नाही, पेटीत ठेवून दिला. मी डबा उघडायचा विसरले. मला तेव्हा एकोणीस वर्षांच्या पोरीला वाटायचं तेवढं सगळं वाटलं. हे माझं आहे, असं वाटलं. पाहिलं मी म्हणून माझं.

पुढे कॉलेज सुरू झालं आणि पटकथेचा पेपर आला. तुम्हाला मी त्या वर्षी यवतमाळच्या गोष्टी कमीच सांगितल्या, त्यातली ही मुख्य. वर्गात आम्ही बावीस. कॅमेरा एक. बाविसांतली एकच पटकथा निवडायची, तिचा लघुपट करायचा आणि उरलेल्या एकवीस जणांनी दिवे धरायचे. सर फार काटेकोर. जे दिसत नाही आणि ऐकू येत नाही ते लिहायचं नाही, "तिला वाईट वाटलं" असं कुणी लिहिलं तर पान फाडीन म्हणत. सगळं वर्तमानकाळात. एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट, म्हणून अक्षराचा आकार, समास, ओळींमधली जागा यांत काही हलवायचं नाही, नाहीतर मिनिटांचा हिशेब कोसळतो. मी रोज राळेगावहून एसटीनं जाणारी, मागच्या बाकावर बसणारी. एकदा उत्तर देताना तोंडातून "मले वाटते" असं गेलं तर पुढच्या दोघी हसल्या होत्या, आणि त्यानंतर मी वर्गात फारसं बोलतच नव्हते. मला ती निवड हवी होती, बाबा. नोकरीसाठी नाही, कशासाठी नाही. एकदा तरी या सगळ्यांनी माझं काहीतरी गप्प बसून ऐकावं, एवढ्यासाठी. भूक लागावी तशी ती मला हवी होती.

मी त्या बाईचं लिहिलं. आठ दृश्यं. शेवटचं माझ्या मनचं होतं. बाई फाटकातून निघते, एसटीत चढते, बस हलते, ती तोल सावरायला दांडा धरते, आणि ती उतरून गेल्यावर दांड्यावर अंगठ्याचा निळा ठसा राहतो. संपलं. सरांनी हातानं लिहिलेला खर्डा चाळला, त्या ओळीपाशी थांबले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "शेवट चांगला आहे. बाकी मांडणी भिकार. सोमवारी बारा वाजेपर्यंत टाइप करून आण. हस्तलिखित घेणार नाही." भिकार हा शब्द मी ऐकलाच नाही. चांगला तेवढा ऐकला. गुरुवारी घरी येताना बसमध्ये मी मनातल्या मनात माझं नाव फळ्यावर लिहिलेलं पाहत होते.

मला ते तुमच्याकडून टाइप करून घ्यायचं नव्हतं, हे आता सांगायला हरकत नाही. तुम्ही वाचाल ही भीती होती. पण ते भारनियमनाचे दिवस. शुक्रवारी बाजारातल्या कॉम्प्युटर सेंटरवर गेले तर सकाळपासून लाईन नाही. दुपारी आली, माझ्या पुढे सात जण, तिसऱ्याच्या वेळी पुन्हा गेली. शनिवारी तीच गत. शेवटी तुम्हीच म्हणालात, "माह्या मशीनले कुठं लाईट लागते? आण इकडं." आणि शनिवारी दुपारी मशीन सायकलच्या कॅरिअरवर बांधून घरी आणलंत. मी सरांचे नियम एका कागदावर लिहून तुमच्याजवळ ठेवले आणि स्वयंपाकघरात जाऊन आईसोबत तूर सोलायला बसले. सोलत काय होते, मशीनचा आवाज ऐकत होते. तुमची बोटं पावसासारखी एकसारखी चालायची. पहिलं पान झालं, दुसरं झालं. तिसऱ्यावर आवाज थांबला. आईनं विचारलं, "काय व, रंग काहून उडाला तुह्या तोंडाचा?" मी म्हटलं, काही नाही. मशीन बराच वेळ गप्प होतं. मग पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा हळू.

तुम्ही पानं आणून हातात दिलीत आणि मी पाहिलं ते लांब लीगल कागदावर होतं. दृश्यांना मुद्दा क्रमांक एक, मुद्दा क्रमांक दोन. "एक बाई झाडाखाली उभी आहे" याच्या जागी "सदर बाई, वय अंदाजे चाळीस, धंदा मजुरी, ही उपरोक्त झाडाखाली उभी होती." बसच्या ड्रायव्हरलासुद्धा वय आणि धंदा. सगळीकडे होती, होता, गेली, आली. माझे सरांचे नियम टेबलावर तसेच पडले होते. मी किंचाळले, "बाबा, हे काय केलं तुम्ही? हा अर्ज नाही, पटकथा हाय!" तुम्ही अगदी निरागसपणे म्हणालात, "अवं, पण वाचणाऱ्याले कळाले पाहिजे ना, बाई कोण, कुठची, किती वयाची. अन् झालं ते 'झालं' असंच लेहाव लागते. 'होत आहे' लेहलं तर साहेब वापस पाठवते." मी रडायला लागले. खरंच रडले, मोठ्यानं, चार वर्षांच्या पोरीसारखी. आई हसायला लागली. तुम्ही हसला नाहीत. चष्मा पुसून नियमांचा कागद डोळ्यांजवळ धरलात, दोनदा वाचलात, आणि पहिल्यापासून पुन्हा सुरू केलंत. लहान कागद, दीड इंच समास. नाव मधोमध आणायला अक्षरं मोजून तेवढ्याच्या निम्म्यानं मशीन मागे सरकवत होता. एका जागी म्हणालात, "नाव मधात अन् बोलणं खाली. हे बरं हाय. झगड्यात कोण काय बोललं ते समजते." मला वाटलं, सुटले. तुम्ही ओळखलं नाही.

शेवटच्या पानामागे एक वेगळा कागद लावलेला होता. त्यावर एकच ओळ. "वरील मजकूर वाचून दाखवला, तो बरोबर आहे." आणि खाली अंगठ्यासाठी मोकळी जागा. मी म्हटलं, बाबा, पटकथेत असं काही नसतं. तुम्ही मशीनवर झाकण ठेवत म्हणालात, "पटकथेत नसन. पण हे तिचं हाय. तिले वाचून दाखवल्याबिगर माह्या मशीनवरचा कागद कुठं जात नाही." मी काहीतरी म्हणाले, की नाव तर लिहिलं नाही, गाव लिहिलं नाही, कोणाला कळणार. तुम्ही आवाज चढवला नाहीत, तरी तो दिवस आठवला की आजही माझे कान तापतात. "लोकं माह्यापाशी येऊन कायले बोलते? त्याइचं काम होईल म्हून. तू पेटीवर बसून ऐकलं, मी बसू देल्लं, माह्यं चुकलं. पण तिनं तुले नाही सांगतलं." आणि मग, "उद्या जाऊ तिच्या गावाले." ती नाही म्हणाली तर सोमवारी माझ्या हातात काहीच नव्हतं. दुसरं लिहायला वेळ नाही, मशीन तुमचं, आणि तुमचा शब्द तुम्ही मागे घेत नाही हे मला माहीत.

आठ किलोमीटर सायकलवर, मी मागे कॅरिअरवर, पटकथा पिशवीत, पिशवी छातीशी. कापूस फुटलेला, दोन्ही बाजूंनी वेचणी चालू. ती एका शेताच्या बांधाशी, धुऱ्यावर भेटली, कमरेच्या फडक्यात कापूस भरलेला. तुम्हाला पाहून घाबरली, योजनेचं काही बिघडलं की काय वाटून. तुम्ही म्हणालात, "तसं काही नाही बाई. माह्या पोरीनं तुमचं लेहलं हाय. ऐकून घ्या, नाही पटलं तर सांगा." आणि धुऱ्यावर बसून तुमच्या त्याच आवाजात, सावकाश, सुरू केलंत. दृश्य एक. बाहेर. तहसील कचेरी. दिवस. एक बाई, वय चाळीस. ती म्हणाली, "चाळीस नाही जी, पस्तीस असन." बाजूच्या बाया हसल्या. मला मात्र तिच्या चेहऱ्याशिवाय काही दिसत नव्हतं. तुम्ही एकही शब्द गाळला नाहीत, बाहेर, आत, दिवस, सगळं वाचलंत. "आला नाही फक्त" या ओळीला तिनं पदर तोंडाशी नेला. मला वाटलं, आता उठून जाईल. गेली नाही. शेवटचं दृश्य संपलं, बसचा दांडा, ठसा. तुम्ही विचारलंत, "बरोबर हाय?"

ती म्हणाली, "यष्टीत कुठं बसली मी? पायदल गेलती." मग थोडा वेळ कापूस चाचपत राहिली. "अन् मंग मी परत आली ते?" मला काही कळेना. ती परत आल्याचं मला ठाऊकच नव्हतं, तोवर माझं कॉलेज सुरू झालं होतं आणि मी दिवसभर यवतमाळला असे. तुम्हाला ठाऊक होतं. तिनं सांगितलं, बारा दिवसांनी ती परत आली होती, तुम्ही पेटीतून तोच कागद काढला होता, पुन्हा वाचला होता, आणि तिनं अंगठा दिला होता. मी म्हटलं, "मावशी, सिनेमात असं तिथंच संपवाचं असते. मंग ते लोकाइच्या मनात राह्यते." ती माझ्याकडे पाहत म्हणाली, "उठून जाणं सोपं होतं व माय. राग आला, गेली. कोणीबी जाते. बारा दिवस घरात बसली, पोराची शाळा पाह्यली, घरातले दाणे पाह्यले, मंग त्याले सोडून देल्लं मनातून अन् परत आली. ते चालणं जड होतं. तेच तू टाकून देल्लं." तुम्ही हळूच म्हणालात, "तिचं बरोबर हाय." मी म्हटलं, "लेहतो मी. आजच लेहतो." ती म्हणाली, "मंग लेह. मले काही नाही. सिनेमा कर, नाही तर नाटक कर."

आता इथं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते. ती म्हणाली, द्या कागद, अंगठा आताच देते, पुन्हा कुठं येत बसता. तुम्ही म्हणालात, आधी पोरगी लिहील, मी वाचून दाखवीन, मग. आणि मी मध्येच बोलले, "बाबा, उद्या बारा वाजता जमा कराचं हाय." बोलले म्हणजे काय, रडवेल्या तोंडानं, बाही ओढून. तुम्ही तिच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलंत. मग खिशातून पॅडचा डबा काढलात. मी तुम्हाला ओळखायला लागल्यापासून वाचायच्या आधी घेतलेला तो एकच अंगठा. परतीच्या वाटेवर मी सुटल्याच्या आनंदात होते.

सोमवारी सकाळी आई चूल पेटवत असताना मी दृश्य नऊ लिहिलं. एक पान. तुम्ही दहा मिनिटांत टाइप केलंत, कार्बन लावून, नेहमीसारखं. काढून वाचलंत आणि म्हणालात, "हे बरं लेहलं तू." माझ्या लिहिण्याला तुम्ही बरं म्हटलेलं तेवढंच. मी बसमध्ये बसले, खिडकीशी, आणि पानं पुन्हा वाचली. राळेगाव सुटेपर्यंत ठीक होतं. पुढे मी शेवटची दोन पानं पुन्हा पुन्हा उलटायला लागले. सरांना शेवट आवडला होता. तो आता शेवट राहिला नव्हता. ठसा दांड्यावर राहतो आणि त्यानंतर ती बाई पुन्हा त्याच टेबलाशी येते. यावर कोण गप्प बसणार? पुढच्या दोघी काय म्हणतील? योजनेची जाहिरात वाटते म्हणतील. मी स्वतःला म्हणाले, एक पान जास्त होतं, मिनिट वाढतं, मांडणी बिघडते. खूप काही म्हणाले. कॉलेजच्या आवारात पाण्याच्या टाकीजवळ सिमेंटचा बाक आहे, अजून आहे, मी रोज त्याच्यावरून जाते. तिथं बसून मी टाचण्या काढल्या. दृश्य नऊचं पान काढलं, तिच्या अंगठ्याचा कागद काढला, टाचण्या पुन्हा लावल्या. दोन्ही कागद फाडून टाकीमागच्या कचऱ्यात टाकले. मग बाराला वीस मिनिटं असताना जमा केलं.

निवडली गेली, बाबा. हे तुम्हाला मी सांगितलं होतं आणि तुम्ही कचेरीसमोर सगळ्यांना पेढे वाटले होते. सरांनी शेवटचं दृश्य वर्गात मोठ्यानं वाचलं आणि वर्ग खरंच गप्प झाला. पुढच्या दोघींतली एक माझ्याकडे वळून पाहत राहिली. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं, आणि मिळत असताना माझं लक्ष सारखं दाराकडे होतं, जणू तुम्ही येऊन उभे राहाल. स्टँडवरच्या उभ्या बसमध्ये ठशाचं दृश्य घेतलं तेव्हा शाई दांड्यावर धरेना, चार वेळा पुसून लावावी लागली. त्या चारही वेळा मीच लावली, माझ्या अंगठ्यानं, कारण ज्या मुलीनं बाईचं काम केलं तिला हात खराब करायचे नव्हते.

मग कॉलेजच्या हॉलमध्ये लघुपट दाखवायचा दिवस ठरला. तुम्हाला कुठून तरी कळलं आणि तुम्ही म्हणालात, "तिले घेऊन येतो मी. दहाच्या यष्टीनं. तिनं कधी सिनेमाच नाही पाह्यला म्हणे, सोताचाच पाहीन." तुम्ही नवा शर्ट इस्त्रीला दिला होता. मी दोन दिवस विचार केला आणि आदल्या संध्याकाळी तुम्हाला सांगितलं की टेपवर काही आलंच नाही, कॅमेरा खराब होता, सगळं वाया गेलं. तुम्ही शर्टची घडी पुन्हा कपाटात ठेवलीत आणि उलट माझीच समजूत काढत बसलात. "जाऊ दे. कागद तर हाय ना? कागद असला म्हणजे झालं." दुसऱ्या दिवशी हॉल भरला होता, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्या टाळ्यांवरच पुढचं सगळं झालं, ही नोकरीसुद्धा. तुम्ही पुढच्या थंडीत गेलात. मधल्या वर्षात खरं सांगायला मला कितीतरी सकाळी मिळाल्या होत्या.

आता तुम्हाला माहीत नसलेलं. तुम्ही गेल्यानंतर पुण्यानुमोदनाच्या दिवशी ती बाई आली होती. आठ किलोमीटर चालत, आली तशीच आईजवळ बसली. जेवणं झाल्यावर माझा हात धरून म्हणाली, "तुह्या बाबासारखा माणूस नाही व माय. तू कागद घेऊन यवतमाळले गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सायकल घेऊन आला. म्हणे, अंगठा आधी घेतला, माह्यं चुकलं, ऐकून घ्या. अन् माह्यं परत येणं वाचून दाखवलं. लय चांगलं लेहलं तू. एक कागद मले देऊन गेला. सिनेमा नाही झाला तर नाही झाला, लेहलेलं तर हाय." आई माझ्याकडे पाहत होती. मी म्हटलं, "हो मावशी." तुम्हाला ज्या एका चुकीची बोच लागली होती ती माझ्यासाठी केलेली होती, आणि तुम्ही ती दुसऱ्या दिवशी मंगळवारीच सायकल मारून दुरुस्त करून आलात. मला त्या मंगळवारी वर्गात पुढच्या बाकावर बसायला बोलावलं होतं.

ती अजून आहे. आई सांगते, आता फारशी कामाला जात नाही, पोरगा चांगला निघाला. म्हणजे त्या पानाची जगात एकच प्रत आहे आणि ती तिच्याकडे, बहुतेक रेशनकार्डासोबत कुठल्यातरी डब्यात. मागच्या महिन्यात आईला भेटून येताना मी तिच्या गावाच्या फाट्यावर उतरले. मनात होतं, सगळं सांगायचं, पान मागायचं, जमलं तर वर्गातल्या पोरांना घेऊन ते एक दृश्य आता तरी चित्रित करायचं. फाट्यावर पानठेल्याच्या बाकावर अर्धा तास बसले, गावाकडे जाणारे दोन ऑटो सोडले आणि आलेल्या पहिल्या बसनं यवतमाळला परत आले.

हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून हातानंच लिहिलं आणि खाडाखोड तशीच राहू दिली. एक गोष्ट मात्र कोणालाच सांगितली नाही, ती इथं लिहून ठेवते. फाट्यावरून मी फिरले ती तिच्या भीतीनं नाही. तिनं पान माझ्या हातात ठेवून म्हटलं असतं, "तूच लेहलं, सांग बरं काय हाय त्याच्यात," तर मला सांगता आलं नसतं. मीच लिहिलं, तुम्ही बरं म्हणालात, तिला चांगलं वाटलं, आणि मला त्यातली एक ओळ आठवत नाही, बाबा. खूप आठवून पाहते. बसचा दांडा तेवढा दिसतो.